काठावरून मोजलेली नदी

नवी पँट भिजू नये म्हणून मी पूर्णा नदी काठावर बसून मोजली. भूवैज्ञानिकाच्या नोकरीत मी जे गाढवपण केलं, त्यात याचा पहिला नंबर.

गाव बाळापूरच्या पुढचं, खारपाणपट्ट्यातलं. म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. गावाला प्यायला एक गोड विहीर हवी होती. उन्हाळ्यात नदीत दिसतं ते पाणी बहुतेक जमिनीतूनच झिरपून आलेलं असतं. कुठून आलं, ते खारटपणा सांगतो. क्षार जास्त, तर पाण्यातून वीज सहज वाहते. ईसी मीटर तेवढंच मोजतं. आकडा जिथं एकदम खाली येतो, तिथं गोडं पाणी नदीत शिरत असतं.

मला तो आकडा गावालगतच्या डोहात मिळाला. उकिडवं बसून, हात लांब करून. मी ऐटीत रिपोर्ट दिला. सरपंच कुसुमताईंनी सगळं गाव श्रमदानाला लावून डोहाशेजारी खड्डा खणला. पाणी लागलं. ताईंनी चूळ भरली आणि बाजूला टाकली.

"सायेब, यात दाय शिजन का?"

खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. मी नकारार्थी मान हलवली.

"मंग आमी इतले दिवस काय खणून राह्यलो होतो?"

अमरावतीच्या ऑफिसातून माझ्या साहेबांचा फोन आला.

"डोहाच्या तळाचं रीडिंग किती?"

"घेतलं नाही, सर. खोल होतं." पँटचं मी बोललो नाही.

"अरे, खारं पाणी जड. ते तळाशी बसतं. वर कुठून तरी वाहत आलेलं गोडं पाणी तरंगतं, तू तेच मोजलंस. मृगाच्या आत जागा दे. पावसाचं पाणी नदीत मिसळलं की काही कळणार नाही, आणि यंदाची विहीर गेली."

मग मी पँट गुडघ्यावर घेतली. मीटरचा प्रोब बांबूला बांधला आणि तळ चाचपत नदीतून वर चालत गेलो. डोहाचा तळ मिठागरासारखा. मांडीपर्यंत गाळ, पँट कुठवर होती ते विचारू नका. डोहाच्या वरच्या वळणावर पायाला अचानक गार लागलं. आकडा पडला. वर कमी, तळाशी त्याहून कमी. काठ पाहिला, तर मातीखाली जाड वाळू. नदीचं जुनं पात्र बुजलं होतं आणि त्यातून गोडं पाणी गुपचूप येत होतं. हे मी शोधलं, आणि सांगताना मला आजही लाज वाटत नाही.

"इथं खणा," मी म्हटलं.

"पयले तुमी खणा," ताई म्हणाल्या.

खणलं. हाताला फोड आले, मग गाव उतरलं. पाणी लागल्यावर कोणी मीटरकडे पाहिलं नाही. तिथंच तीन दगडांची चूल मांडून तुरीची डाळ चढवली. मी झाकणाकडे बघत बसलो, निकालाच्या दिवशी बसावं तसा.

डाळ मेण झाली.

तेव्हापासून मी सगळ्या नव्या पोरांना एकच सांगतो: तळाचं रीडिंग काठावरून मिळत नाही.

ताईंनी पहिली वाटी मला दिली. वर म्हणाल्या, "पाणी गोड काढलं, सायेब. आता दुसऱ्या गावात जासान, तं घरूनच चड्डी घालून जा."