मागीलदारचा सुटा मांडव

आमच्या घरात मला बसायला जागा नव्हती. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राही, कारण घर चांगलं चिरेबंदी, कौलारू, ऐसपैस होतं आणि वर्षाचे अकरा महिने त्यात मी एकटीच राहत होते. पण ओटीवर वह्या घेऊन बसलं, की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण "काय बाई, आज शाळा नाही वाटतं?" म्हणून थांबणार. माजघरात भरदुपारी काळोख. मधल्या खोलीत टेबल होतं, पण त्यावर मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या दादाच्या मुलांचा कॅरमबोर्ड आणि त्याच्यावर वहिनीने "पुढच्या मे महिन्यात लागतील" म्हणून रचून ठेवलेल्या दोन गाद्या. मी छत्तीस वर्षांची, मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी, बिनलग्नाची बाई. आई-वडील शेवटपर्यंत माझ्यापाशी होते. ते गेल्यावरही घरातल्या सगळ्या वस्तू आपापल्या जागी राहिल्या, मी तेवढी वह्यांचे गठ्ठे घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत असे.

ऐंशीनंतर तीन-चार वर्षांनी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी पुण्याला गेले होते. तिथे एका बंगल्याच्या मागच्या बागेत आम्हाला चहाला बोलावलं होतं. बागेत, बंगल्यापासून अगदी सुटे, चार खांब उभे होते. वर आडवे वासे, छप्पर नाहीच, आणि वाशांवरून पसरलेली वेल. खाली दोन खुर्च्या. घरमालकीणबाई ओठांचा चंबू करून म्हणाल्या, "हा आमचा पर्गोला." बाकीच्या बाया बिस्किटांकडे वळल्या. मी त्या खुर्चीत जी बसले ती शिबिराचे लोक हाका मारायला लागले तेव्हाच उठले. एवढ्या मोठ्या पुण्यात मला आवडलेली ती एकच गोष्ट.

परत आल्यावर माझ्या डोक्यात तेच. आधी वाटलं, की वाडवडिलांच्या पद्धतीने, मागच्या पडवीला जोडूनच काहीतरी वाढवावं, म्हणजे सोपं पडेल. मुंबईला दादाला आंतरदेशीय पत्र लिहिलं. उत्तर आठ दिवसांत आलं, आणि ते मला अजून पाठ आहे. 'घराला हात लावू नकोस. एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. तू तिथे राहतेस ते ठीक आहे, पण घर सगळ्यांचं आहे.'

'तू तिथे राहतेस ते ठीक आहे.' मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घराची कौलं दर वर्षी कोण परतून घेत होतं? आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला उचलून कोण बसवत होतं? पत्र फाडून टाकणार होते, पण शेवटी मराठीची शिक्षिका मी. चौथ्यांदा वाचताना लक्षात आलं, की पत्रात शब्द आहे 'घर'. मागीलदार, म्हणजे घरामागचं अंगण, नव्हे. घराला एक खिळासुद्धा न ठोकता, घराला पाठ न टेकता जे उभं राहील, त्याला या पत्राची आडकाठी नव्हती. पुण्याचा तो पर्गोला नाहीतरी बंगल्यापासून सुटाच होता. दादाने मला अडवायला पत्र लिहिलं आणि आराखडा मात्र करून दिला.

मग मी मांडव निवडायला लागले. अशी वस्तू बाजारात मिळत नसे, त्यामुळे प्रत्येकाला समजावून सांगावी लागे. आधी मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत गेले. तिथल्या एका वेल्डरने लोखंडी पाइपांचा सांगाडा करून देतो म्हणून सांगितलं आणि नमुना म्हणून बाहेर पडलेला एक तुकडा दाखवला. खाऱ्या वाऱ्याने त्याची सालं निघत होती. "दर वर्षी रंग मारायचा, बाई," तो म्हणाला. मला बसायला जागा हवी होती, दर वर्षी रंगवायला नको होती. शिवाय त्याने कागदावर काढलेलं चित्र हुबेहूब एस.टी.च्या थांब्यासारखं दिसत होतं. मग पोफळीच्या खांबांचा आणि बांबूचा विचार केला. तो आपला नेहमीचा मांडव, दिवाळीनंतर घालायचा आणि पावसाआधी सोडायचा. पण मला सोडायचाच नव्हता. मला असं काहीतरी हवं होतं, की जे पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

शेवटी पालीकडचे एक म्हातारे सुतार कुणीतरी सुचवले. साठी उलटलेली, कानाला विडी, आणि बोलण्याआधी वस्तूभोवती एक फेरी मारायची सवय. मी त्यांना मामा म्हणायचे. पहिल्या दिवशी मी 'पर्गोला' म्हटलं. ते म्हणाले, "कसला गोळा?" तेव्हापासून मी सरळ 'मांडव' म्हणायला लागले, आणि पुढचं सगळं रामायण त्या शब्दाने झालं.

मामांनी मागीलदारी फेरी मारली, पहार आपटून बघितली. हातभर मातीखाली कातळ लागला. "बाय, हितं खांब पुरायचा नाय. घराला बांदून घ्या."

"घराला बांधायचा नाही. घरापासून पाच हात लांब."

"मंग वाऱ्यानं जाईल की. छप्पार धरून उडवील."

"छप्पर घालायचंच नाही, मामा. नुसते वासे."

मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जशी काही मी ताप काढून उठले आहे. "छप्पार नाय तर ता मांडव कसला? ऊन येनार, पाऊस येनार. मंग बांदायचा कशाला?"

"वेल चढवायची. ऊन गाळून येईल. आणि छप्परच नसलं तर वारा धरणार कशाला?"

त्यांनी कानावरची विडी काढली, पेटवली, आणखी एक फेरी मारली. "ता खरा," म्हणाले. "वेल कसली? पडवळाची?"

"मधुमालतीची."

"ती खात्यात काय?"

"नाही."

"मंग राहू दे," असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला, पण काम घेतलं. खाली चिऱ्याचे चार पाये, म्हणजे वाळवी चढायची नाही आणि वजनाने जागचा हलायचा नाही. त्यांत किंजळीचे खांब. पालीच्या वखारीत लाकूड निवडताना प्रत्येक खांबावर त्यांनी बोटांनी टकटक केलं आणि मलाही करायला लावलं. चांगल्या लाकडाचा आवाज मला त्या दिवशी कळला. तीन खांब मी निवडले, चौथा त्यांनी नापास केला आणि दुसरा घेतला. चारातले तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के, मी स्वतःवर खूश होते.

पहिला खांब उभा करायच्या दिवशी मामांनी नारळ मागितला. त्यांच्या हिशेबी मेढ ती मेढ, मग ती कशासाठी का असेना. खांबाला हळदकुंकू लावलं, वर आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, बांधला, नारळ फोडला आणि मला नमस्कार करायला लावला. मीही भाबडेपणाने केला. आता आमच्याकडे खांबाला आंब्याचा टाळा आणि हळदकुंकू कधी लावतात, हे कुणाला सांगायला नको. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ, मुहूर्तमेढ. पण त्या घटकेला ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला पंचा तसाच राहिला.

चार दिवसांनी काकूंनी रविवारी जेवायला बोलावलं. चैत्र चालू होता, म्हणून मी समजले, चैत्रगौरीचं हळदीकुंकू असेल. गेले तर एकट्या माझ्या ताटाभोवती रांगोळी, आणि ताटात नारळीभात. मला वाटलं, काकूंना आज माझं कौतुक आलंय. मी भात दोनदा घेतला.

"अगो, एवढं ठरवलंस नि आम्हाला बोलली नाहीस," काकू वाढता वाढता म्हणाल्या.

"त्यात काय सांगायचं, काकू? फार दिवस मनात होतं, आता करून टाकतेय."

"बरोबर हो. वय काही थांबत नाही. कुठले ते?"

मामांना सगळे येता-जाता बघतच होते, तेव्हा मी म्हटलं, "पालीकडचे."

"नि करतात काय?"

"सुतारकाम. हातात कला आहे हो त्यांच्या."

काकूंची पळी भातात रुतली. "वय काय म्हणे?"

"साठी उलटली. पण अजून अख्खा वासा एकटे उचलतात."

काकूंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. निघताना त्यांनी माझ्या हातावर खण ठेवला, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "सुखी हो. आम्ही काही बोलणार नाही." मी घरी येईपर्यंत विचार करत होते, की चैत्रगौरीला रडतात कधीपासून? ते केळवण होतं, हे मला पुढे आठ दिवसांनी कळलं.

काकूंचा मुलगा गिरगावात दादाच्या शेजारच्या गल्लीत राहायचा. काकू माझ्याशी काही बोलल्या नाहीत, पण मुलाला पत्र लिहायला कुणाची बंदी होती?

मांडव पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी मधुमालतीच्या रोपाला पाणी घालत होते, तेव्हा पुढून दादाची हाक आली. मुंबईहून एस.टी.ने आलेला, दाढी वाढलेली, हातात पिशवी. ना पत्र, ना तार.

"कुठे आहे तो?" दादा म्हणाला.

"कोण?"

"पालीचा."

"मामा? ते काल संध्याकाळीच गेले."

"मामा म्हणतेस त्याला?" दादाचा आवाज फाटला. "साठ वर्षांचा माणूस! कुणाला न विचारता मांडवसुद्धा घातलास?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाळा, रांगोळी, नारळीभात, काकूंचा पदर, सगळं एकदम. हसू असं आलं की ओटीवरच बसावं लागलं. दादा आणखी चिडला. मी डोळे पुसत उठले, त्याच्या दंडाला धरून घरातून मागे नेलं आणि मागीलदारी उभं केलं. "हा बघ," म्हटलं. "हाच तो."

चिऱ्याचे चार पाये, किंजळीचे चार खांब, वर नवे वासे आणि वाशांमधून जमिनीवर पडलेले उन्हाचे पट्टे. मधे एक टेबल, एक खुर्ची, आठवी अ च्या वह्या. दादाने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक लुगडं काढलं. हिरवं, जरीच्या काठाचं. "तुझ्या वहिनीने धावपळ करून आणलं," तो म्हणाला. "नवरा कसाही असो, माहेरचं लुगडं नको का अंगावर?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. मी माझ्या स्वभावाप्रमाणे रागाला आधी वाट दिली. "लग्न म्हटल्यावर हाडं खिळखिळी करत आलास, दादा. लुगडंही आणलंस. मी सासरी चालले असं वाटल्यावर. आणि याच घरात बसायला जागा मागितली, तर पोस्टाने 'तू तिथे राहतेस ते ठीक आहे'? आईबरोबर मी राहत होते? मी नुसती राहत होते?"

दादा खाली मान घालून उभा राहिला. माझा मोठा भाऊ, ज्याने आयुष्यात माझ्यापुढे मान खाली घातली नव्हती. जरा वेळाने त्याने मांडवाला एक फेरी मारली, अगदी मामांसारखी. एका खांबावर बोटांनी टकटक केलं. घराच्या पागोळीपासून मांडवापर्यंत पावलांनी मोजलं, हे मी बघितलं. मोजू दे, म्हटलं. मग तो परत आला आणि दोन खांबांच्या मधे, बाहेरच थांबला. दार नव्हतं, उंबरा नव्हता, भिंत नव्हती. कुत्रंसुद्धा चारही बाजूंनी आत येऊ शकलं असतं.

वीस वर्षं मुंबईत काढून दादाची भाषा अगदी स्वच्छ झाली होती. पण त्या क्षणी कुठून कोण जाणे, लहानपणची बोली त्याच्या तोंडी आली.

"येऊ काय गो आत?"

मी खुर्चीत जाऊन बसले. वह्यांचा गठ्ठा उचलून बाजूला केला, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकण्यापुरती जागा केली. जन्मात मला असं कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा म्हटलं, जरा थांबू दे त्याला.

"ये," मी म्हटलं.

दादाने चपला बाहेर काढल्या आणि मान वाकवून आत आला. वाकायची काहीच गरज नव्हती. वासे चांगले आठ फुटांवर होते.