छत्तीसचा रोल, एकोणचाळीस फोटो

कॅमेऱ्याच्या काउंटरवर अडतीस आकडा आला.

रोल छत्तीसचा होता. नीट भरला तर एखादा फोटो जास्तीचा निघतो. मग फिल्म सरकवायचा लिव्हर अडतो, कारण पुढे फिल्मच नसते. माझा लिव्हर अडला नाही, सुळकन फिरला. मी आणखी एक फोटो काढून पुन्हा फिरवून बघितला. एकोणचाळीस. समोर सुमनवहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, कडेवर पाच वर्षांची बेबी. आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून "हां, छान, अशाच राहा" म्हणत होतो. सवयीचं तोंड आपोआप चालतं.

ही गोष्ट आहे सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली. कुडाळात बाजाराजवळ माझा स्टुडिओ होता. लग्न, मुंज, बारसं, नोकरीच्या अर्जाला लागणारे फोटो, असली कामं. आता मी निवृत्त आहे. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

त्या मे महिन्यात सामंत मास्तर आले. सावंतवाडीच्या शाळेत ते गणित शिकवायचे. सासुरवाडी कुडाळजवळच्या एका खेड्यात, भात आणि काजूवाली माणसं. मास्तर सुट्टीत तिथे राहायला आले होते.

"सुमनला होडीतून फिरवून आणायचंय," ते म्हणाले. "तिला थकवा येता कामा नये. आणि फोटो काढायचेत. पाण्यातले."

मी हसलो. "मास्तर, पिक्चर काढताय की काय?"

ते हसले नाहीत. खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला आणि वर्गात गणित सांगावं तशा आवाजात म्हणाले, "तिला रक्ताचा आजार आहे. गोव्याचे डॉक्टर म्हणतात, दिवाळी दिसेल असं वाटत नाही. तिला सांगितलेलं नाही. जन्म कर्ली नदीच्या काठावर गेला, पण होडीत कधी बसली नाही. घरात तिचा फोटो म्हणाल तर लग्नातला एक, त्यातही मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलंय. बेबी पाच वर्षांची आहे. तिच्या काय लक्षात राहणार?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. अजून वाटते.

आता धंद्यातली अडचण सांगतो. आरामाची सहल आणि फोटोचं काम ही दोन्ही एकमेकांच्या मुळावर येतात. फोटोवाला म्हटलं की उभे राहा, वळा, पदर नीट करा, पुन्हा एकदा. धडधाकट माणूसही तासाभरात कंटाळतो. त्यात भर दुपारचं ऊन फोटोला वाईट, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. चांगला उजेड चारनंतर. आणि खाडीतलं पाणी माझ्या उजेडासाठी थांबत नाही.

म्हणून मी दाजींना गाठलं. दाजी म्हणजे नेरूरपारचे होडीवाले, साठीच्या पुढचे. घड्याळ वापरत नसत. भरतीची वेळ ते तिथीवरून काढायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते.

"बारशीक जावया," दाजी म्हणाले. "बाराची पाऊणपट नऊ. नवाक भरती. मगे सुकती लागली काय होडी आपसूक देवबागाक जाता, वल्हव्याची गरज नाय. तीनाक पाणी परत चढूक लागता, तेच्याबरोबर येवचा."

बारस म्हणजे द्वादशी, सुकती म्हणजे ओहोटी. माझ्या मनात बेत तयार झाला. जाताना एकही फोटो काढायचा नाही, वहिनींना गादीवर आडवं करून सावलीत न्यायचं. दुपारी देवबागला सुरूच्या झाडांखाली झोपू द्यायचं. चार वाजता नदीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा उघडा असतो, तिथे एक तास फोटो. त्यांच्या अंगातली सगळी ताकद त्या एका तासासाठी राखून ठेवायची. मला या बेताचा फार अभिमान वाटला. मास्तरांना दोनदा समजावून सांगितला.

द्वादशीला साडेनऊला आम्ही निघालो. वहिनी अबोली रंगाची साडी नेसून आल्या होत्या. अंगाच्या काटक्या झाल्या होत्या नुसत्या, पण होडीत पाय ठेवला आणि चेहरा असा काही उजळला की मास्तर दुसरीकडेच बघायला लागले. दाजींनी बांबूवर चादर बांधून सावली केली होती. होडी आपली आपण चालली होती. वहिनींनी एक हात पाण्यात सोडला तो बराच वेळ तसाच ठेवला.

वाटेत शहाळी फोडली. माझ्याकडे दोन कॅमेरे. एक रंगीत फोटोंचा. दुसरा जुना, वरून खाली बघायचा, काळापांढरा. रंगीत कॅमेऱ्यात एका बारशाचा उरलेला रोल होता. तो काढून मी नवा भरायला घेतला.

"बेबी, बघ हं," मी म्हणालो. "काका न बघता रोल भरतात."

रोल भरणं म्हणजे काय, तर फिल्मचं टोक उजवीकडच्या रिळाच्या खाचेत घालायचं आणि लिव्हर फिरवायचा. फिल्म खरोखर सरकत असेल तर डावीकडचं, फिल्म परत गुंडाळायचं रिवाइंडचं बटण आपोआप गरगरतं. ते बघायचं असतं. पंधरा वर्षांत हजारेक रोल भरले होते मी, त्यामुळे बघणं सुटलं होतं. हात शहाळ्याच्या पाण्यानं चिकट, नजर बेबीकडे. झाकण लावलं. बेबीनं टाळ्या वाजवल्या आणि थोड्या वेळानं मास्तरांच्या मांडीवर झोपून गेली. पुढच्या टोकाला बसलेले मास्तरही डुलकायला लागले.

दाजी मागे काठी धरून उभे होते. म्हणाले, "भाऊ, माझो एक फोटो काढशात?"

"कशाला हो, दाजी?"

"घरची म्हणता, तुमी गेलात तर भिंतीर लावूक फोटो खंय आसा?"

वहिनी हसल्या. पाण्यातला हात न काढता मान वळवून म्हणाल्या, "दाजीनू, माझोव तसलोच काढूक इलेत ते."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी काळ्यापांढऱ्या कॅमेऱ्यात डोकं खुपसलं आणि बटण दाबलं. तोंड लपवायला तेवढंच होतं जवळ.

दुपारी वहिनी दोन तास गाढ झोपल्या. चारला वाळूच्या पट्ट्यावर उतरलो. एका बाजूला नदी, पलीकडे समुद्र. उजेड असा मऊ पडला होता की मी मनात म्हटलं, असा उजेड वर्षातून चारदा मिळतो. वहिनींना काही सांगावं लागलं नाही. बेबीला पाण्यात बुचकळलं, मास्तरांच्या अंगावर पाणी उडवलं. मास्तर धोतर सावरत मागे सरले तर म्हणाल्या, "गणिताक पाण्याचा भय वाटता काय?" मग सरळ पाण्यात फतकल मारून बसल्या. "साडी भिजली तर भिजांदे." मी काढत सुटलो. प्रत्येक फोटो मला अजून आठवतो. एकही कुठे नाही.

काउंटर एकोणचाळीस. मी पाठ फिरवून डावीकडचं बटण बोटानं फिरवून बघितलं. सैल होतं. फिल्म जागची हललीच नव्हती. तासभर मी रिकामा कॅमेरा वाजवत होतो.

"भाऊ, आटपा," दाजी ओरडले. "पाणी चढता हा. वाळू बुडाक लागली."

सूर्य अजून वर होता. दाजींना विनवलं असतं तर वीस मिनिटं मिळाली असती. फिल्म कोरी होती, भरायला अर्धं मिनिट पुरे. फक्त म्हणायला हवं होतं, "वहिनी, चुकलो. पुन्हा उभ्या राहा." वहिनी मास्तरांच्या खांद्याला धरून होडीकडे निघाल्या होत्या. ओठ निळे पडले होते. मी स्वतःला सांगितलं की आता यांना त्रास द्यायचा नाही. खरं कारण वेगळं होतं. सकाळी मी सगळ्यांसमोर न बघता रोल भरून दाखवला होता.

परत येताना मास्तरांनी विचारलं, "चांगले आलेत ना?"

"एक नंबर," मी म्हणालो.

स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडला. रोल आपल्या डबीत जीभ बाहेर काढून बसला होता.

आठ दिवसांनी मास्तर आले. तेव्हा रंगीत रोल धुवायला मुंबईला जात, आणि आम्हा फोटोवाल्यांची एक हुकमी थाप होती. तीच मी मारली. "लॅबवाल्यांनी रोल खराब केला, मास्तर." ते जायला उठले. मग म्हणाले, "होतं कधी कधी."

दोन दिवसांनी त्यांच्याकडचा गडी काजूगराची पिशवी घेऊन आला. वहिनींचा निरोप होता, "भाऊंका सांगा, वायट वाटून घेव नको. पावसाळो सरलो काय परत जावया." त्या काजूंना मी हात लावला नाही. घरच्यांना मी कारण सांगितलं नाही.

पावसात होड्या बंद. मी दसऱ्याची वाट बघत होतो. मनात म्हणायचो, दसऱ्यानंतर पुन्हा नेऊ, या खेपेला दोन रोल काढू, झालं गेलं भरून निघेल. भाद्रपदात गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी सुमनवहिनी गेल्या.

तेरावं झाल्यावर मास्तर स्टुडिओत आले. दाढी वाढलेली.

"त्या लॅबचा पत्ता द्या," ते म्हणाले. "मी स्वतः पत्र लिहितो. खराब म्हणजे किती खराब? अर्धा चेहरा असला तरी चालेल. डाग असले तरी चालेल."

त्या माणसाला खोटा पत्ता द्यायला माझी जीभ रेटेना. मी सगळं सांगितलं. बटण, खाच, चिकट हात, थाप. ते शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे वाळूवर असतानाच कळलं होतं?"

"हो."

"मग सांगायचं होतं. ती उभी राहिली असती."

मला रडू आलं. गिऱ्हाइकासमोर रडायची ती पहिली वेळ. मास्तर उठून दारापर्यंत गेले तेव्हा मला दाजींचा फोटो आठवला. जूनमध्येच धुऊन दिला होता. छापताना एका कडेला कुणाचं तरी डोकं येत होतं, म्हणून ती कड मी कापली होती.

"मास्तर, थांबा जरा," म्हणालो आणि निगेटिव्हचं खोकं उपसलं.

कडेला वहिनी होत्या. हात पाण्यात, मान वळवलेली. चेहरा मोहरीएवढा. लगेच अंधाऱ्या खोलीत शिरून मी तेवढाच भाग छापायला घेतला. मोठा करत गेलो तसे त्यावर वाळूसारखे दाणे फुटायला लागले, पण दात दिसत होते. हसत होत्या. बेबी त्यात नव्हती. ती पुढे मांडीवर झोपलेली होती.

ओला कागद मास्तरांनी दोन्ही हातांवर घेतला. "एवढी कशाला हसतेय?"

एकदा खोटं बोलून झालं होतं. मी त्यांना दाजींचं बोलणं सांगितलं आणि वहिनींचं उत्तरही सांगितलं, जसंच्या तसं.

मास्तर बाकावर बसले. म्हणाले, "म्हणजे तिला ठाऊक होतं." कागदावरचं पाणी त्यांच्या बाहीत उतरत होतं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

तो फोटो त्यांच्या घरी भिंतीवर लागला. हार घातला तरी एका कडेला दाजींचं कोपर दिसायचं. ते कापू का, असं मी विचारलं होतं. मास्तर नको म्हणाले.

पुढे वीसेक वर्षं मी रोल भरले. नवीन माणूस कामाला लागला की त्याला एकच शिकवायचो. रोल भरला की डावीकडचं बटण फिरतंय का बघ. फिरत नसेल तर तोंडानं सांग, आणि समोरचं माणूस पाण्यात उभं आहे तोवर सांग.