आईच्या आगीची रेघ

त्यांना सगळे दादाच म्हणत. डोंगरमाथ्यावर हजारो वर्षांचं शेवाळ पुरतं न कुजता साचलेलं असतं. तो काळा, ओला थर म्हणजे पीट. दादा तो फावड्याने विटांसारखा कापत, वाळवत आणि जळणासाठी विकत. माणूस मुळात अबोल, त्यात डोंगराच्या जंगलाचा विषय निघाला की तोंडाला कुलूपच.

ते आठ वर्षांचे असताना आईने वाळलं गवत पेटवलं, वारा फिरला आणि आग हाताबाहेर गेली. माथा बोडका झाला तो हिच्यामुळे, असं गाव तेव्हापासून म्हणत आलं. आई जन्मभर खालमानेनं वावरली. या बोलण्याला कंटाळून बहिणीने लग्नानंतर माहेरच तोडलं.

दादांची साठी उलटल्यावर डोंगरावर पूर्वी काय उगवत होतं ते शोधायला विद्यापीठातल्या एक बाई माथ्यावर आल्या. जिथे कधी फावडं लागलं नव्हतं अशी जागा दादांनी दाखवली. बाईंनी तिथे लांब नळी खुपसून पीट उपसला आणि चार महिन्यांनी दादांना प्रयोगशाळेत बोलावलं.

टेबलावर उभा चिरलेला पीट मांडला होता. बाईंनी समजावलं, सगळ्यात जुना थर तळाशी, त्यात पाइनच्या झाडांचे परागकण आहेत, म्हणजे तेव्हा इथे जंगल होतं. पुढे हवा गार आणि ओली झाली, शेवाळाने जमीन व्यापली. मधूनमधून कोरडी वर्षं आली, की वणवे. काळी रेघ दिसते तिथे कोळशाचे कण. दोन हजार वर्षांपूर्वीच मोठी झाडं संपली, खुरटी झुडपं उरली.

"आमच्या आईची आग कुठली?" दादांनी विचारलं आणि सगळी हकिगत सांगितली.

अगदी वरच्या टोकाशी दोऱ्याएवढी करडी रेघ होती. बाईंनी तिच्यावर सुई टेकवली. "ही असावी."

"म्हणजे आग लागली होतीच."

"लागली होती. पण जळायला जंगल होतंच कुठे, दादा?"

दादा स्टुलावर बसले. पाणी मागून घेतलं. मग हे सगळं साध्या भाषेत कागदावर लिहून द्या म्हणाले.

कागद घेऊन ते थेट बहिणीकडे गेले. तिने तो दोनदा वाचला.

"आई जाईपर्यंत अकरा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही रे," ती म्हणाली.

दादा तिच्याजवळ सरकून बसले.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर गावी आली आणि किराणा दुकानातल्या रांगेत उभी राहून तिने तो कागद खणखणीत आवाजात वाचला. दुकानदार म्हणाला, कागदावर काय, कोणीही काहीही लिहितं. रांगेतल्या दोन म्हाताऱ्या मात्र तिच्या जवळ सरकल्या. त्यातल्या एकीने तिला घरी जेवायला बोलावलं.