कंप्रेसरवर फोडलेला नारळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर गार हवा चोरल्याचा आळ आला होता. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्या आळापायी त्यांची नोकरी गेली होती, तीही दिवाळीच्या तोंडावर. आता इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं.

भाऊजी बालाघाटला एका खाणमालकाची गाडी चालवायचे. मालकाची मँगनीजची खाण तिरोडीकडे होती आणि बंगला शहरात. गाडी अमेरिकन, लांबलचक, तेव्हाही जुनीच होती. पण तिच्यात थंड हवेचं यंत्र होतं. ही साठ सालानंतरची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा ज्याच्या डोक्यावर पंखा फिरे तोच साहेब. कचेरीसमोर ती गाडी उभी राहिली की लोक येऊन तिच्या काचेला हात लावून बघायचे. भाऊजी मागाहून काच पुसत, पण हाकललं त्यांनी कुणाला कधीच नाही.

माझं गॅरेज वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. राइस मिलची इंजिनं, खाणीचे ट्रक, जीपगाड्या, जे येईल ते मी करायचो.

त्या साली दसऱ्यानंतर गाडी खडखडायला लागली. थंड हवेचं बटण दाबलं की बॉनेटखाली खिळ्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज, बटण बंद केलं की सगळं चिडीचूप. मालकाच्या मॅनेजरने बॉनेट न उघडताच निकाल देऊन टाकला: हवा गार करणारा कंप्रेसर चालवून चालवून झिजलाय. मग चालवला कुणी? मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "हम अंदर काम करते हैं और ये नवाब गाड़ी चालू रखके ठंडी हवा में सोता है." किल्ली काढून घेतली. विचारपूस नाही, चौकशी नाही. अकरा वर्षं ज्या माणसाने त्यांच्या पोराबाळांना सुखरूप नेलं-आणलं, त्याला फाटकाबाहेर काढायला अकरा मिनिटंही लागली नाहीत.

बहीण माझ्या दारात येऊन उभी राहिली. "माह्या माणसाले चोर म्हणून राह्यले ते लोक. तू गाडी पाह्य."

"पाह्यतो, बाई," मी म्हणालो.

आधी मी भाऊजींना गॅरेजवर बोलावलं, चहा मागवला आणि सरळ विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. मालक खाणीत गेल्यावर तुम्ही हवा लावून झोपत होते काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आवाज दसऱ्याच्या पूजेपासून होऊन राह्यला." एवढंच. मला ती उडवाउडवी वाटली. चहा अर्धा टाकून ते उठून गेले.

बंगल्यावर मॅनेजर मला हसला. "चावल मिल का मिस्त्री एसी बनाएगा?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दिवाळीला मालकाचे व्याही यायचे होते, त्यांना गोंदियाच्या स्टेशनवरून आणायचं होतं, आणि नागपूरला पाठवलेली गाडी तोवर परत येण्याची खात्री नव्हती. म्हणून नाक मुरडत का होईना, गाडी माझ्याकडे आली.

एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती: कंप्रेसरच्या नळ्या सोडायच्या नाहीत. सोडल्या तर आतला गॅस उडून जाणार आणि तो बालाघाटात मिळणार नाही. इंजिन चालू केलं, बटण दाबलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कंप्रेसरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत सगळं शांत, एकसारखी घुरघुर. झिजलेलं यंत्र असं बोलत नाही. टोक सरकवत कंप्रेसर ज्याच्यावर बसवलेला असतो त्या बिडाच्या ब्रॅकेटवर आणलं, आणि कानात घण बसल्यासारखं झालं.

नळ्या तशाच ठेवून कंप्रेसर दोरीने बॉनेटला टांगला आणि ब्रॅकेट काढला. तेलाची चिकटी पुसली. एका बाजूला बारीक तडा होता आणि तडा लाल होता. मला वाटलं गंज. चिमट्यात धरून जरा जोर दिला तसे दोन तुकडे झाले, आणि तुटलेल्या तोंडावर, अगदी आतपर्यंत, कुंकू होतं. पाण्यात कालवून ओतावं तसं पाझरलेलं. ब्रॅकेट बसतो त्या खाचेत करवंटीची एक कपची अडकली होती.

तेव्हा मला दसरा आठवला. खाणीवरच्या पूजेला मीही होतो. खाणीत ड्रिल चालवायला खोलीएवढा मोठा हवेचा कंप्रेसर असतो. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावून नारळ त्याच्याच लोखंडावर फोडायचा, ही तिथली रीत. त्या वर्षी मालकांना काय लहर आली, म्हणाले, गाडीतही कंप्रेसर आहे, त्याचाही मान राहिला पाहिजे. बॉनेट उघडलं, कुंकू लावलं, नारळ आपटला. फुटेना. दुसऱ्यांदाही फुटेना. दसऱ्याचा नारळ फुटला नाही तर अपशकुन, म्हणून मालकांनी तो ब्रॅकेटवर टेकवला आणि जॅकच्या दांड्याने हाणला. नारळ फुटला, पाणी उडालं, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळून मी तडक बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात मालकांपुढे ते ठेवले आणि कुंकू दाखवलं. बाहेरचं कुंकू आत जायचं तर तडा त्याच क्षणी पडलेला हवा, हे समजावून सांगताना माझा आवाज चढला होता. मॅनेजर बागेकडे बघायला लागला.

मालकांनी तुकडा उलटसुलट केला. "खदान के कंप्रेसर पर भी तो ऐसे ही फोड़ते हैं. उसको कभी कुछ नहीं हुआ." जणू चूक ब्रॅकेटची! मग म्हणाले, "बना सकते हो?"

"बना सकता हूँ. पहले ड्राइवर को वापस बुलाइए."

"हाँ हाँ, बोल दो उसको, कल से आ जाए." आणि अंगठ्याला लागलेलं कुंकू रुमालाला पुसून ते आत गेले. 'चूक झाली' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. ज्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं, त्याला निरोप पाठवला, तोही माझ्या हाती!

संतापातच मी ब्रॅकेट जोडला. बिडाला घाई चालत नाही. आधी भट्टीत हळूहळू तापवला, पितळेने सांधला आणि राइस मिलमधून आणलेल्या कोंड्याच्या गरम राखेत पुरून ठेवला, म्हणजे सावकाश निवतो आणि पुन्हा तडकत नाही. दुसऱ्या दिवशी बसवला. बटण दाबलं. खडखड गेली होती, जाळीतून गार वारा येत होता.

गाडी न्यायला भाऊजी आले. मी त्यांच्यावरच घसरलो. "तुमच्या डोळ्यांदेखत मालकानं दांडा हाणला, अन् तुम्ही गप? काहून नाही सांगतलं?"

त्यांनी बॉनेट हलक्या हाताने बंद केलं.

"मालकानं तर मले इचारलंच नाही," ते म्हणाले. "तूनं इचारलं. मी तुले सांगतलं. तूनं मानलं नाही."

किल्ली घेऊन ते गाडीत बसले. मी बाजूला झालो आणि गाडी रस्त्याला लागली. थंड हवेचं बटण त्यांनी बंद केलं होतं, आणि चारही काचा खाली होत्या.