टेप ड्राइव्ह दिसेना

सावेडीपासून दहा मिनिटांवरच्या एका हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. रुग्णांच्या सीटी स्कॅन, एमआरआयच्या प्रती दर आठवड्याला टेपवर उतरवून ठेवायच्या, हे माझं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जबाबदारीचं काम. टेपवर लिहिणारं यंत्र, म्हणजे टेप ड्राइव्ह, आणि सर्व्हर थेट जोडलेले नाहीत. दोघांच्या केबल एका स्विचमध्ये येतात आणि त्याच्यामार्फत ते एकमेकांशी बोलतात.

एका सोमवारी सकाळी सर्व्हरला ड्राइव्ह दिसेना. कपाटामागे वाकून पाहिलं, तर फरशीवर ओल्या फडक्याचा माग होता आणि केबल जरा ताणल्यासारखी वाटली. आदल्या दिवशी सफाईच्या मावशींनी खोली पुसली होती. हॉस्पिटलचा कारभार पाहणाऱ्या सरांनी कारण विचारलं, तेव्हा मी बोलून गेले, "साफसफाईत केबल ओढली गेली असावी." त्यांनी तेच लेखी मागितलं. मी लिहिलं, सहीही केली. दुपारपर्यंत मावशींची बदली लाँड्रीत झाली.

जाताना त्या माझ्या दारात थांबल्या. तिसगावकडच्या, एरवी फार बोलायच्या नाहीत. "म्याडम, म्या त्या वायरीला हात बी लावला न्हाई. लांबूनच पुसते. तुमी पाह्यलं का मला?"

पाहिलं नव्हतं. मी नुसतं "बघते" म्हणाले.

मंगळवारी नवी केबल टाकली. तरी तेच. मग माझंच लिहिणं मला टोचायला लागलं. केबल बिघडली असती तर नव्या केबलने काम झालं असतं. शिवाय जोडणी ठीक असली की स्विचवर लागणारा दिवा जुन्या केबललाही हिरवाच होता. ड्राइव्ह स्विचच्या दुसऱ्या, रिकाम्या पोर्टला, म्हणजे केबल खोचायच्या खाचेला, लावून पाहिला. दिवा हिरवा, ड्राइव्ह बेपत्ता. परत पहिल्याच पोर्टला लावला.

ड्राइव्ह पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन केला. इंजिनिअर म्हणाला, "ड्राइव्हच गेलाय मॅडम. नवा मागवा."

"गेला असता तर दिवा कसा लागला असता?"

"लागतो कधी कधी."

"कधी कधी म्हणजे कधी?"

तो नव्या ड्राइव्हची किंमत सांगू लागला. मी फोन ठेवला, खुर्ची कपाटासमोर ओढली आणि ठरवलं, कारण सापडल्याशिवाय इथून हलायचं नाही. एका बाईचं काम बदललं होतं माझ्या अंदाजावर.

स्विचला कोण कोण जोडलंय, ती यादी काढली. सर्व्हर होता. ड्राइव्हही होता! मग ते एकमेकांना का दिसत नव्हते? एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले. आमचा स्विच बाहेरून एकच डबा असला, तरी आत त्याचे वेगवेगळे भाग पाडलेले असतात, आणि एका भागातलं यंत्र दुसऱ्या भागातल्याला दिसत नाही. सर्व्हरपुढे वीस क्रमांकाचा भाग होता. ड्राइव्हपुढे एक क्रमांकाचा. काहीच ठरवून न दिलेल्या पोर्टला आपोआप मिळतो तो.

आठ दिवसांपूर्वी ड्राइव्ह या पोर्टवर मीच हलवला होता आणि पोर्ट वीस क्रमांकाच्या भागात टाकला होता. पण तो बदल कायमचा साठवायची आज्ञा द्यायची राहिली होती. आठवडाभर सगळं नीट चाललं. रविवारी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलताना स्विच बंद होऊन चालू झाला आणि माझा बदल विसरला.

पोर्ट पुन्हा वीसमध्ये टाकला. ड्राइव्ह लगेच दिसला. या वेळी आधी बदल साठवला, साठवलेलं उघडून दोनदा वाचलं, मगच उठले.

सरांकडे गेले. "चूक माझी होती. कालचा कागद परत हवाय."

"चाललंय ना आता? मग राहू द्या."

"नाही सर, त्यावर माझी सही आहे. आणि मावशींना परत इकडे घ्या."

कुरकुरत का होईना, त्यांनी कागद दिला आणि मावशींना परत घ्यायलाही हो म्हटलं. मी नवा लिहिला, कारणासकट, माझ्या चुकीसकट, आणि त्याची एक प्रत घेऊन लाँड्रीत गेले. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. मी झालेलं सांगितलं.

"वाचून दावा," त्या म्हणाल्या.

वाचून दाखवला. त्यांनी घडी पूर्ण केली, मग कागद माझ्या हातातून घेऊन कमरेच्या पिशवीत ठेवला.

"येते परत. पर एकटी न्हाई येनार त्या खोलीत. तुमी असाल तवाच."

"चालेल," मी म्हणाले. तेव्हापासून त्या पुसत असतात तोवर मी तिथेच बसते.