तिसऱ्यांदा दिलेला वार्षिक पाठ

बाईंना शिकवता येत नाही असं म्हणायची बावीस वर्षांत कुणाची टाप नव्हती. एकच शाळा, एकच विषय, गणित. पाचवी ते सातवी. नाक्यावरचा गॅरेजवाला, दवाखान्यातली नर्स, बसवरचा ड्रायव्हर, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. तो गॅरेजवाला तर आता दोन पोरांचा बाप, पण बाई दिसल्या की अजून हातातला पाना पाठीमागे लपवतो. तर अशा बाई. पण शिकवता येतं असा कागद त्यांच्याकडे नव्हता, आणि कागदापुढे माणसाचं काही चालत नाही.

त्या शाळेत आल्या होत्या दोन महिन्यांसाठी, एका शिक्षिकेच्या बाळंतपणाच्या रजेत बदली म्हणून. ती शिक्षिका परत आलीच नाही आणि बाई गेल्याच नाहीत. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. मग एक दिवस नियम आला. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल त्याने चार वर्षांत ती मिळवावी, नाहीतर वर्गात पाऊल ठेवू नये. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी कॉलेजात नाव घातलं. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा नव्या प्राध्यापकच आल्या असं वाटून सगळा वर्ग उभा राहिला. बाई मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पोरं हसली, आणि त्या दिवसापासून त्या कॉलेजात काकू झाल्या.

लेखी पेपर त्यांनी पहिल्या फटक्यात सोडवले. घोडं अडलं ते वार्षिक पाठापाशी. वार्षिक पाठ म्हणजे काय, तर कॉलेजच्या खालच्या मजल्यावर सराव शाळा, तिथल्या परक्या मुलांपुढे, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर पस्तीस मिनिटं शिकवायचं. तेही मनाला येईल तसं नाही हं. आधी प्रस्तावना, म्हणजे चार प्रश्न विचारून मुलांना विषयाच्या दारापर्यंत आणायचं. मग फळ्यावर हेतू लिहायचा. मग विवेचन, मग सराव, मग मूल्यमापन, शेवटी गृहपाठ. प्रत्येकाची मिनिटं ठरलेली, आणि सगळं आदल्या दिवशीच टाचणात उतरवलेलं. डाव्या रकान्यात शिक्षकाचे प्रश्न, उजव्या रकान्यात मुलांची उत्तरं. मुलं काय उत्तर देणार ते मुलांच्या आधी आपणच लिहायचं, आणि तेही बरोबर लिहायचं. चुकणारं मूल टाचणात नसतंच. हे असलं शास्त्र कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण निघालं खरं.

पहिल्या वेळी बाई फळ्यावर हेतू लिहायला विसरल्या. नापास. दुसऱ्या वेळी एका मुलाने भलतंच उत्तर दिलं आणि बाई जाऊन त्याच्या बाकावर बसल्या. त्याला समजलं, तो खुदकन हसला, बाईंनाही बरं वाटलं, आणि घंटा झाली. परीक्षकांनी शेरा मारला, ‘वर्गाशी जवळीक चांगली. पाठ अपूर्ण.’ पुन्हा नापास. आता ही तिसरी वेळ आणि हीच शेवटची. नियमाची चार वर्षं याच महिन्यात भरत होती.

त्यांच्या शाळेचे हेडसर वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना बोलावून दोन कागद दाखवले. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक, एक बाईंना धरून आणि एक बाईंना वगळून. नाहीच जमलं तर ऑफिसात बसा, म्हणाले, मुलांचे दाखले लिहा, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. माणूस चांगुलपणाने बोलतो तेव्हा त्याच्यावर चिडताही येत नाही. बाई ‘बरं’ म्हणाल्या, बाहेर आल्या आणि नळावर दोनदा तोंड धुतलं. पुढचा तास सहावीवर होता.

घरी नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, टेबल, लटकवलेले कपडे. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत तो विद्यार्थी होऊन बसायचा, तोंडात टाचण्या धरून, आणि बाई समोर उभ्या राहून घड्याळ लावून पाठ म्हणायच्या. विद्यार्थी म्हणून तो अगदीच वाया गेलेला होता. मध्येच शंका काढायचा. शंकेला वेळ नाही, मुकाट्याने बरोबर उत्तर द्या, असं बाईंनी तिसऱ्यांदा दटावलं तेव्हा त्याने टाचण्या काढून बशीत ठेवल्या.

“अगं, तुला जे येतं ते विसरायचा अभ्यास चाललाय हा,” तो म्हणाला. “आणि मी मेला त्यात तुला मदत करतोय.”

“मग काय करू?” बाईंचा आवाज फाटला. “सांगा ना. मला दुसरं काय येतं? शिवता येत नाही, रांधते तेही जेमतेम. मुलांसमोर उभं राहता येतं, तेवढंच येतं मला. ते गेलं तर मी कोण?”

त्याने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि म्हणाला, चल, पुन्हा पहिल्यापासून. ते दोघं असं रोज करत राहिले.

कॉलेजात त्यांच्या शेजारी एक चष्मेवाली बसायची. पोरगी जिवाला जीव देणारी. ती म्हणाली, काकू, तुम्ही उजव्या-डाव्याचं करत नाही का? बाईंना कळेना. मग तिने सांगितलं. आदल्या दिवशी वर्गात जायचं आणि मुलांना समजावायचं, उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. हात मात्र सगळ्यांनी वर करायचा. परीक्षकाला सगळा वर्ग हात वर करून उड्या मारताना दिसतो, आपण उजव्या हातवाले तेवढे उठवायचे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय हे, चष्मेवाली म्हणाली. म्हणजे तिच्या हिशेबाने चार वर्षं.

बाई ‘शी’ म्हणाल्या. तीन दिवस त्या विषयावर बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी जिन्यात त्यांनीच चष्मेवालीला गाठून विचारलं, अगं, ते आदल्या दिवशी कितीच्या तासाला जायचं असतं? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातली गत.

सराव शाळेच्या सहावीसमोर ते वाक्य म्हणताना बाईंचे कान तापले. मुलांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. मॉनिटर म्हणाला, माहीत आहे बाई, आम्ही सगळ्यांच्या पाठाला तसंच करतो. वर त्याने विचारलं की विषय हेतू लिहायच्या आधी ओळखायचा की नंतर, कारण गेल्या आठवड्यात एका सरांचा विषय यांनी आधीच ओळखला आणि सर रडकुंडीला आले. ही मुलं वर्षाकाठी तीस-चाळीस शिकाऊ शिक्षक बघायची. एखादा गोंधळला तर पुढच्या बाकावरून कुजबुजायची, सर, गृहपाठ राहिला. परीक्षकापेक्षा त्यांना जास्त कळायचं.

तिसऱ्या ओळीत एक मुलगी होती. मोठ्या बहिणीचा असावा असा स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या. ती उभी राहून म्हणाली, “बाई, डावा वर केला तर मला विचारणार नाही ना?”

“नाही विचारणार,” बाई म्हणाल्या.

“नक्की?”

“नक्की.”

दुसऱ्या दिवशी पाठ घड्याळासारखा चालला. विषय होता वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. प्रस्तावना पाच मिनिटांत, हेतू फळ्यावर, विवेचन टाचणाबरहुकूम. परीक्षक शेवटच्या बाकावर मांडीवर फाइल घेऊन बसलेले. बाईंचा आवाज लागत होता. चोविसाव्या मिनिटाला त्यांनी फळ्यावर सरावाचं पहिलं उदाहरण लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन, आणि वर्गाकडे वळल्या.

चाळीस हात वर.

आता बघा, बावीस वर्षांत बाईंनी मुलांचे हात कधी पाहिलेच नव्हते, त्या तोंडं पाहायच्या. कुणाला येतं आणि कुणाला येत नाही ते तोंडावर लिहिलेलं असतं. आज पहिल्यांदा हात पाहायचे होते, आणि आपण मुलांच्या समोर उभ्या आहोत, आपल्या उजवीकडे दिसतो तो त्यांचा डावा, एवढी साधी गोष्ट त्या भीतीच्या भरात विसरल्या. त्यांनी बोट केलं ते स्वेटरवालीकडे.

मुलगी उठली. तिने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, आपलंच चुकलं की काय म्हणून. मग बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, “दोन छेद पाच.”

वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. हे उत्तर बाई दर वर्षी वाट पाहून मिळवायच्या. त्यांच्या शाळेत ते कुणी दिलं नाही तर त्यांचा जीव खट्टू व्हायचा. कारण खरा धडा तिथे सुरू व्हायचा. बाई म्हणायच्या, वा, छान, आता मला सांग, अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं झालं? मग एखादं पोर भुवया आक्रसून म्हणायचं, अय्या, खरंच की. त्या एका क्षणासाठी बाई बावीस वर्षं शाळेत जात होत्या. आत्ता तो प्रश्न त्यांच्या ओठावर आला. मुलगीही बसली नव्हती, बाई पुढे काहीतरी बोलतील म्हणून उभी होती.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी त्यांना घड्याळ पाहताना पाहिलं. अकरा मिनिटं उरलेली, सराव संपायचा, मूल्यमापन, गृहपाठ. त्यांच्या डोळ्यांसमोर हेडसरांचा दुसरा कागद आला, ऑफिसातलं ते टेबल आलं.

“बस खाली,” त्या म्हणाल्या. “बरोबर उत्तर कोण सांगेल?”

मॉनिटरने सांगितलं, पाच छेद सहा. बाई ‘शाब्बास’ म्हणाल्या. मुलगी बसली आणि दुमडलेल्या बाह्या सोडून तिने हात आत ओढून घेतले. बाईंनी पुढे तिसऱ्या ओळीकडे पाहिलं नाही. गृहपाठ देऊन झाला तेव्हा घंटेला एक मिनिट शिल्लक होतं.

परीक्षकांनी त्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं. मागच्या वेळचा शेरा मी वाचला होता, म्हणाले, या वेळी चुकीच्या उत्तरात अडकला नाहीत, मोठी सुधारणा आहे. तसं त्यांनी लिहिलंही. शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर. चष्मेवालीने मिठी मारली. बाईंनी घरी फोन लावला, मशीनचा आवाज थांबला, आणि पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. बाईंना आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण त्याच्या पाठोपाठ लाज आली, आणि ती अशी की कुठे बसावं कळेना. आपण त्या पोरीला फसवलं, एकदा शब्द मोडून आणि दुसऱ्यांदा गप्प बसून, आणि त्याचेच आपल्याला मार्क मिळाले.

मधली सुट्टी झाली तशा त्या खाली गेल्या. मुलगी व्हरांड्याच्या पायरीवर एकटी डबा बंद करत होती. बाई दिसताच ती ताडकन उठली.

“बाई, मी डावाच हात वर केला होता. खरंच.”

“हो गं. माझी चूक झाली. तू बरोबरच केलंस.”

“तुम्ही नापास झालात का माझ्यामुळे?”

“नाही. पास झाले.”

मुलीने हुश्श केलं. तेवढीच तिची काळजी होती, ती मिटली. बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या, पर्समधून एक कोरा कागद काढला, त्याची पट्टी फाडली आणि मधोमध घडी घातली. हे बघ, म्हणाल्या, हा अर्धा. आता यात आपण आणखी एक तुकडा मिळवणार आहोत, तर उत्तर याच्याहून मोठं होईल की लहान? त्यांचा आवाज आज पहिल्यांदा त्यांच्या शाळेतल्यासारखा झाला होता. मुलीने पट्टीकडे पाहिलं, शहाण्यासारखं, मोठं माणूस काही दाखवतंय तर बघावं म्हणून. मग मैदानाकडे पाहिलं.

“बाई, तुमचा पाठ झाला ना?”

“झाला.”

“मग आता कशाला?”

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच कळत नव्हतं. एवढे शिक्षक आले आणि गेले, पाठ झाल्यावर कुणी परत आलं नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली आणि मुलीने डबा पिशवीत टाकला.

“मी जाऊ? आता दुसऱ्या सरांचा पाठ आहे. त्यांच्यासाठीही हात वर करायचाय.”

बाई म्हणाल्या, जा.