समोरच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक

आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन डिग्री घेतलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारता सांगतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. सांगलीकडच्या गावातून इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत एमएस, मग ख्राइस्टचर्चला नोकरी आणि तिथल्याच हॉर्नबी उपनगरात घर. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाचा टी-शर्ट विटून गेलाय, तरी मी तो टाकू देत नाही.

माझ्या ऑफिसातला एक मित्र पुण्याचा. तोही अमेरिकेत शिकलेला, पण आमच्या कट्टर वैऱ्यांकडे, शेजारच्या विद्यापीठात. तिकडच्या शनिवारच्या मॅचेस इथं रविवारी सकाळी लागतात. त्यामुळे अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात दर रविवारी तो दारात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून आत येतो, सोफ्याचा कोपरा धरतो आणि आमचं भांडण सुरू होतं.

यंदा त्यांचा क्वार्टरबॅक जोरात होता. क्वार्टरबॅक म्हणजे मागे उभा राहून चेंडू फेकणारा, सगळा डाव चालवणारा गडी. त्याच्या पुढे पाच आडदांड पोरं भिंतीसारखी उभी राहतात आणि अंगावर येणाऱ्यांना अडवतात. कॉलेज फुटबॉलमधला वर्षाचा सगळ्यांत मोठा मान या पोराला मिळणार, असं जो तो म्हणत होता. मला ते सहन होत नव्हतं.

या सगळ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, सातवी शिकलेले. आल्यापासून त्यांनी एकच विषय दोनदा काढला होता. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला इथल्या विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. पण ती काकाच्या घरी राहणार असेल तरच दादा तिला पाठवणार होता, आणि विद्यापीठाला होय की नाही ते महिनाअखेर कळवायचं होतं. दोन्ही वेळा मी एकच सांगितलं, ‘‘होस्टेलवर राहू दे तिला, आप्पा. मी कुणाच्या घरी राहिलो होतो? आपल्या पायावर उभं राहायला शिकेल.’’

त्या रविवारी वायव्येचा गरम वारा सुटला होता. कुंपणाच्या फळ्या खडखडत होत्या, सगळ्यांचंच डोकं तापलेलं. समोरच्या कॉलेजच्या त्या पोरानं एक लांबलचक पास टाकला आणि मित्र उडालाच.

‘‘बघ, बघ! आता बोल! बक्षीस घरपोच पाठवायला सांगू का त्यांना?’’

‘‘कसलं बक्षीस? हातात चेंडू धरून चहा पिण्याइतका वेळ मिळतो त्याला. मीसुद्धा टाकेन.’’

‘‘तू? तुला कचऱ्याची पिशवी बिनमध्ये नीट टाकता येत नाही. वहिनींना विचार.’’

आप्पा हसले. त्यांना एव्हाना खेळ कळायला लागला होता. ‘‘पावणं,’’ ते मित्राला म्हणाले, ‘‘पोरगं गुणाचं हाय तुमचं.’’

‘‘आप्पा, तुम्ही तरी माझ्या बाजूनं बोला,’’ मी म्हणालो.

‘‘कशापायी? त्यानं तुझं काय घोडं मारलंय?’’

मग मात्र मी पेटलो. उठून टीव्हीसमोर गेलो आणि पडद्यावर बोट ठेवून त्यांना एकेक दाखवायला लागलो. हा बघा डावीकडचा, याच्या गुडघ्याला पट्टी आहे. हा मधला, दर डावाला दोघांची धडक खातो. ही पाच पोरं मार खातात म्हणून मागच्याचा टी-शर्ट पांढराशुभ्र राहतो. ‘‘यांचं नाव कुणाला माहीत आहे का? नाही! आणि स्टेजवर कोण चढणार? हा! मी मत देणाऱ्यांत असतो ना, तर याला मुळीच दिलं नसतं. स्वतःच्या बळावर आलाय म्हणे!’’

मित्रानं हात वर केले. मला वाटलं, जिंकलो.

आप्पा पडद्याकडेच बघत होते. उजव्या हाताची तीन बोटं त्यांना नीट मिटता येत नाहीत. वर्कशॉपात जॅक सरकला तेव्हापासून. डावा हात त्या बोटांवरून फिरवत ते सावकाश म्हणाले, ‘‘गावात तुझा सत्कार झाला त्या दिवशी तू हेडमास्तरांचं नाव घेतलंस. माझं, तुझ्या आईचं घेतलंस. लायब्ररीतल्या शिपायाचंबी घेतलंस.’’

‘‘आप्पा...’’

‘‘खुर्च्या ज्यानं मांडल्या हुत्या, त्याचं तेवढं न्हाई घेतलंस.’’

एवढंच बोलले आणि उठून आत गेले. मित्रानं विचारलं, ‘‘कोणी रे?’’ मी सांगितलं नाही. मॅच संपायच्या आतच तो काहीतरी निमित्त काढून गेला.

त्याला नाही सांगितलं, ते इथं सांगतो. आप्पांचा हात जायबंदी झाला तेव्हा मी अकरावीत होतो आणि दादा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. त्यानं कॉलेज सोडलं आणि हायवेवरच्या गॅरेजात काम धरलं. मी जायचं की त्यानं, अशी चर्चासुद्धा घरात झाली नाही. एक दिवस त्याच्या वह्या माझ्या टेबलावर होत्या आणि तो नव्हता. घराण्यातला पहिला पदवीधर तो होणार होता. सत्काराच्या दिवशी शाल खांद्यावर, नारळ हातात घेऊन मी माइकवरून म्हणालो होतो की माणसाकडे जिद्द असली की कुणाच्या आधाराची गरज लागत नाही. टाळ्या भरपूर पडल्या. शेवटच्या रांगेत उभा राहून दादानंही वाजवल्या होत्या.

तिकडे गावात अजून उजाडायला वेळ होता. मी दुपारभर लॉनवर, किचनमध्ये, पुन्हा लॉनवर असा फिरत राहिलो. बायको म्हणाली, ‘‘ती मागची खोली रिकामीच आहे की. मला वाटलं होतं, तुलाच दादांची पोरगी इथं यायला नकोय.’’ म्हणजे माझी टाळाटाळ तिलाही दिसत होती.

चार वाजता फोन लावला. दादा म्हणाला, ‘‘काय रे, आप्पा बरे आहेत ना?’’

‘‘बरे आहेत. दादा, पोरीला पाठव. आमच्याकडेच राहील.’’

‘‘आप्पांनी सांगायला लावलं का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. मग म्हणालो, ‘‘होय.’’

‘‘ती आता नको म्हणतीये,’’ दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ‘‘तिनं ऐकलं होतं तू आप्पांना काय म्हणालास ते. आप्पांशी आमचा व्हिडिओ कॉल चालू होता तेव्हा. म्हणते, कुणावर भार होऊन शिकायचं नाही. तुझ्यासारखीच आहे, काय करणार.’’

‘‘तिला दे फोन.’’

बराच वेळ कुजबुज. मग, ‘‘काका, बोला.’’ एखाद्या अनोळखी ऑफिसातून फोन आला असावा, असा कोरडा आवाज.

दादाबद्दल बोलायचं होतं, तिच्याच बापाबद्दल, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. मी तिला मागच्या खोलीबद्दल सांगायला लागलो. खिडकी उत्तरेला आहे, म्हणजे इथं ऊन तिकडूनच येतं. बसस्टॉप चार मिनिटांवर. टेबल नवीन घेऊ. ती मध्ये मध्ये ‘‘हं’’ म्हणत होती. होय म्हणाली नाही, फोन ठेवलाही नाही. मी बोलतच राहिलो.